मिसळणाचा डबा आणि मधुमेह



मराठी घरातील मिसळणाचा डबा उघडला की मोहरी, जिरे, हळद यांच्या शेजारी मेथीदाण्याची एक वाटी हमखास दिसते. ओट्यावर कढीपत्त्याची डहाळी असते, अंगणात किंवा गॅलरीत तुळस असते आणि बाजाराच्या पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत असते. या नित्य परिचयाच्या वनस्पतींविषयी आज घरोघरी एक प्रश्न विचारला जातो. रक्तातील साखर यांनी खरोखरच आटोक्यात येते काय? एक पक्ष म्हणतो की सारे काही आपल्या स्वयंपाकघरातच आहे, गोळ्यांची गरजच काय? दुसरा पक्ष म्हणतो की हे सारे आजीबाईच्या बटव्यातले जुने खूळ आहे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत आणि दोन्ही उत्तरांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील सुमारे १० कोटी १० लाख प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले, २६.४ टक्के. म्हणजे तेथे चार प्रौढांमागे एकाहून अधिक. ही आकडेवारी समोर ठेवूनच मिसळणाच्या डब्याकडे पाहिले पाहिजे.

पथ्य आधी, औषध नंतर

आपल्या पूर्वजांना हा आजार ठाऊक होता, हे सांगताना आपली छाती अभिमानाने फुगते आणि ते योग्यच आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे आणि मधुमेहाचे सविस्तर विवेचन आहे. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत नोंदलेले आहे. सुश्रुताने तर प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले. एक सहज, म्हणजे जन्मतःच आलेला, आणि दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. पहिल्या प्रकारचा रुग्ण कृश असतो. दुसरा स्थूल, खादाड, बैठ्या सवयीचा आणि झोपेची आवड असणारा असतो. आजच्या टाइप १ आणि टाइप २ या वर्गवारीशी हे तंतोतंत जुळवू नये. तथापि एकाच नावाच्या आजाराचे रुग्ण एकाच साच्यातले नसतात आणि सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही, ही दृष्टी त्यात निश्चित आहे.

परंतु या ग्रंथांतील चिकित्सेचा क्रम मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. सुश्रुताने स्थूल रुग्णाला नुसता काढा देऊन घरी पाठविले नाही. रुग्णाने पादत्राणे आणि छत्री न घेता पायी चालावे, शंभर योजने प्रवास करावा, गाईंच्या मागे फिरावे, शेत नांगरावे, विहीर खणावी, असे त्याने सांगितले. अन्नात यवाला, म्हणजे आपल्या सातूला, प्राधान्य दिले. वाग्भटाने प्रमेहावर हळद आणि आवळा यांना श्रेष्ठ मानले, हेही खरे. पण त्या साऱ्या वनौषधी श्रम आणि मिताहार यांच्या सोबतीला होत्या, त्यांच्या बदल्यात नव्हत्या.

आज आपण नेमके उलटे करतो. कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरवरून जातो, रात्री उशिरा भरपेट जेवतो आणि सकाळी कारल्याचा रस पिऊन आयुर्वेद पाळल्याचे समाधान मिळवितो. हे आयुर्वेदाचे पालन नव्हे. त्यातील कष्टाचा भाग वगळून सोपा भाग तेवढा आपण उचलला आहे.

मेथीदाण्याचे खरे बळ

आता एकेका वनस्पतीकडे वळू. यांत पहिला मान मेथीदाण्याचा, कारण या डब्यातील पदार्थांपैकी बऱ्यापैकी पुरावा त्याच्याच बाजूने आहे आणि त्या पुराव्याचा महत्त्वाचा भाग भारतातच उभा राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर दीर्घकाळ काम झाले. तेथील १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इन्शुलिनवर असणाऱ्या दहा रुग्णांना रोज १०० ग्रॅम, तेल काढून घेतलेल्या मेथीचे चूर्ण जेवणातून दोन वेळा विभागून देण्यात आले. दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर उतरली आणि मूत्रावाटे जाणाऱ्या साखरेचे प्रमाण ५४ टक्क्यांनी घटले. पुढे जगभर लहानमोठ्या चाचण्या झाल्या. त्यांपैकी दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. उपाशीपोटीची साखर सरासरी १७ मिलिग्रॅमच्या आसपास आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी ०.८५ टक्क्याने कमी झाल्याचे त्यात दिसले. मात्र यांतील बहुतेक चाचण्या लहान होत्या आणि त्यांची मांडणी सदोष होती, हेही त्याच आढाव्याने स्पष्टपणे नोंदविले.

मेथी हे करते कशी? यात गूढ काही नाही. मेथीदाण्याचा जवळजवळ अर्धा भाग तंतूंचा असतो. त्यातील विरघळणारा तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. रात्रभर भिजविलेली मेथी हाताला जशी लागते, तशीच ती पोटात होते. त्या बुळबुळीत थरामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, पिष्टाची साखर हळूहळू रक्तात उतरते आणि जेवणानंतरची उसळी मंदावते. याखेरीज मेथीत एक विशिष्ट अमिनो आम्ल आहे. साखर वाढलेली असताना ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्यास साहाय्य करते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात.

येथे मापाचा प्रश्न येतो, आणि गृहिणीला तो चटकन कळेल. चहाचा एक चमचा मेथी म्हणजे साधारण चार ते पाच ग्रॅम. ज्या चाचण्यांत परिणाम दिसला, त्यांत सामान्यतः रोज पाच ग्रॅम किंवा त्याहून अधिक मेथी होती. काहींत २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. फोडणीतील दहा दाण्यांनी चव येते, साखर उतरत नाही. मेतकुटातील चिमूटभर मेथीचेही तेच. आणि बाळंतिणीसाठी केलेला मेथीचा लाडू मधुमेह्याने औषध म्हणून खाणे ही तर स्वतःची फसवणूक आहे. त्यातील गूळ आणि कणीक मेथीचा सारा हिशेब उलटा फिरवितात. मोड आणून केलेली मेथीची उसळ, भिजवून वरणात शिजविलेले दाणे, भाकरीच्या पिठात मिसळलेले चूर्ण, असे मार्ग अधिक शहाणपणाचे. कडूपणा सोसेल त्या बेताने एक चमच्यापासून आरंभ करावा. एकदम वाढविल्यास पोट फुगते, जुलाबही होतात. गर्भवती स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जेवणातल्यापेक्षा अधिक मात्रा डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. मेथीचा तंतू औषधाचे शोषणही लांबवू शकतो. म्हणून गोळी आणि मेथी यांत तास-दोन तासांचे अंतर असावे.

तुळस, दालचिनी आणि पानाच्या कडेला सारलेला कढीपत्ता

तुळशीच्या बाबतीत १९९६ साली प्रसिद्ध झालेली एक भारतीय चाचणी प्रसिद्ध आहे. चाळीस रुग्णांना रोज अडीच ग्रॅम पानांचे चूर्ण दिले असता उपाशीपोटीची साखर सरासरी २१ मिलिग्रॅमने उतरली. हा निष्कर्ष आशादायक आहे, पण चाळीस रुग्ण आणि काही आठवडे एवढ्यावर कोट्यवधींच्या उपचाराचा निर्णय होत नाही.

दालचिनीची कथा अधिक बोधप्रद आहे. २००३ साली पाकिस्तानात साठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात रोज एक ते सहा ग्रॅम दालचिनीने चाळीस दिवसांत साखर १८ ते २९ टक्क्यांनी उतरल्याचे जाहीर झाले आणि जगभर दालचिनीच्या कुप्या विकल्या जाऊ लागल्या. २०१२ साली 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने दहा चाचण्यांतील ५७७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. दालचिनी मधुमेहावर उपयुक्त आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. शिवाय बाजारात मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यातील कुमारिन हे द्रव्य अधिक प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताला अपायकारक ठरते. खरी दालचिनी पातळ, ठिसूळ, पापुद्र्यांवर पापुद्रे गुंडाळलेली असते. ती आपल्या कोकणात पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही तिची जात विकसित केली आहे. मसाल्यात ती जरूर वापरावी. चमच्याने मात्र खाऊ नये.

कढीपत्ता, कोथिंबीर, हळद यांच्याविषयी प्राण्यांवरील प्रयोग पुष्कळ आहेत, माणसांवरील भक्कम चाचण्या मोजक्याच. मग यांचा उपयोग नाही काय? उपयोग आहे आणि तो फार मोठा आहे, पण आपण शोधतो तेथे नाही. मधुमेह्याचे पथ्य मोडते ते बहुधा चवीपायी. आमटीतला गुळाचा खडा कमी केला, तेल आवरले, भाताची मूद लहान केली की जेवण अळणी वाटू लागते आणि चार दिवसांत मन बंड करते. अशा वेळी आले-मिरचीचा झणका, कोथिंबिरीचा ताजा वास, तुपाच्या थेंबात परतलेला कढीपत्ता, ताकातली जिऱ्याची पूड ही मंडळी पथ्याचे जेवण रुचकर करतात. साखर उतरते ती ज्वारीच्या भाकरीने, उसळीने, पालेभाजीने आणि आवरलेल्या हाताने. वर्षानुवर्षे ते निभावून नेण्याचे काम मसाल्याचा डबा करतो.

उपवासाच्या दिवशी मात्र हाच डबा निरुपयोगी ठरतो. चतुर्थी असो वा आषाढी, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीत जिऱ्याची कितीही खमंग फोडणी दिली तरी रक्तातील साखर उसळी मारायची ती मारतेच. मधुमेह्याने उपवास करावा की नाही, हे वैद्य किंवा डॉक्टरांना विचारून ठरवावे. व्रत मोडल्याचा दोष देवाने कधी आजाऱ्याला लावलेला नाही.

कडू म्हणून गुणकारी?

कडू पदार्थ साखर मारतो, अशी एक सरळ समजूत समाजात आहे. गोडाला कडू हा उतारा! शरीराचे गणित इतके बाळबोध नाही. कारल्यावरील चार चाचण्यांतील ४७९ रुग्णांचा 'कॉक्रेन'चा आढावाही २०१२ सालचाच. त्यातही कारल्याचा लाभ सिद्ध झाला नाही. थायलंडमधील २०११ सालच्या एका अभ्यासात रोज दोन ग्रॅम सुक्या कारल्याने काही परिणाम दिसला, पण तो मेटफॉर्मिनपेक्षा कमी होता. कारल्याची भाजी उत्तम, ती अवश्य खावी. पण साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना उपाशीपोटी पेलाभर रस पिणे धोक्याचे आहे. साखर अचानक फार खाली जाऊन घाम, कंप, भोवळ आणि प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते.

याहून गंभीर धोका दुधीच्या रसाचा. दुधी, कारले, काकडी यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची विषारी कडू द्रव्ये असतात. एखादा दुधी कडू निघाला तर त्यात ही द्रव्ये वाढलेली असतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने झालेले मृत्यू २०१०च्या सुमारास गाजले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट सूचना दिली: रसापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो फेकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. शेवटच्या सूचनेचे कारण उघड आहे. कारल्याच्या रसात मिसळलेल्या दुधीचा कडूपणा ओळखणार कसा? औषध कडूच असते, या श्रद्धेने माणूस विषाचा इशाराही गिळून टाकतो.

आणि सर्वांत मोठा धोका चालू उपचार सोडण्याचा. टाइप १ मधुमेहाच्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. १९२२ सालच्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले थोड्याच काळात दगावत. आजही कुणाच्या सांगण्यावरून अशा मुलाचे इन्शुलिन थांबविले तर काही दिवसांत, कधी काही तासांत, त्याच्या रक्तात आम्ल साचते आणि जीव धोक्यात येतो. जगातील कोणतीही पाने, बिया वा साल त्या इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. टाइप २च्या रुग्णाने गोळ्या सोडल्या तर परिणाम इतक्या लवकर दिसत नाही, म्हणूनच तो अधिक फसवा. साखर मुकाट्याने डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा पोखरत राहते आणि लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करणे या देशात गुन्हा आहे. १९५४ सालच्या औषधे व जादूचे उपाय यासंबंधीच्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेहाचे नाव स्पष्टपणे आहे. तरीही अशा जाहिराती सर्रास दिसतात. अशी जाहिरात स्वदेशीच्या वेष्टनात आली म्हणून ती सचोटीची ठरत नाही.

पेटंट जिंकले, पुढे काय?

या विषयाला राष्ट्रीय स्वाभिमानाची एक बाजू आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ व लेख पुरावा म्हणून सादर केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या विजयाची आठवण आजही काढली जाते. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. १९९९ साली अमेरिकेतच जांभूळ, कारले, वांगे आणि गुडमार यांच्या मिश्रणावर पेटंट दिले गेले, आणि तेही रक्तातील साखर उतरविण्यासाठी! अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. आयुर्वेदादी ग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत नोंदवून जगातील पेटंट कार्यालयांना उपलब्ध करण्यात आले.

या लढ्याने एक गोष्ट सिद्ध झाली, ती म्हणजे हे ज्ञान आपले आहे. ते किती रुग्णांना, किती मात्रेत, किती काळ उपयोगी पडते, हे त्याने सिद्ध होत नाही. मालकी सिद्ध करणे आणि गुण सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले आपण हिरिरीने केले. दुसरे अजून बरेच बाकी आहे.

ते कसे करावे, याचा दाखला जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळीत, मेटफॉर्मिनमध्ये आहे. तिचे मूळ युरोपातील गलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. तेथील लोकवैद्यकात ती पूर्वापार वापरात होती. पण ती वनस्पती विषारी, गुरांनाही मारक. संशोधकांनी तिच्यातील कार्यकारी द्रव्य ओळखले, त्याचे सौम्य भाऊबंद शोधले आणि १९२२ साली डब्लिन येथे मेटफॉर्मिन तयार झाले. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरील तिचा गुण जगापुढे मांडला. अमेरिकेने तर १९९४पर्यंत तिला मान्यता दिली नव्हती. १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाने स्थूल रुग्णांतील तिचे लाभ दाखविले. एका झुडपापासून गोळीपर्यंतचा हा प्रवास अनेक दशकांचा आहे. आज ती स्वस्त गोळी आपल्या देशातील असंख्य घरांत आहे. ती परकी म्हणून टाकणारा माणूस एका वनौषधीच्याच वंशजाला नाकारत असतो.

घरात काय करावे?

एखादी वनस्पती जेवणापेक्षा अधिक मात्रेत घ्यायची असेल तर ते आपल्या डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही सांगावे. त्यांपैकी कुणी रागावेल या भीतीने लपवू नये. एका वेळी एकच बदल करावा. मेथी, कारले, जांभळाची पूड, गुडमार सारे एकदम चालू केले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळत नाही. घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर वहीत तारखेसह नोंद ठेवावी आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी तपासून घ्यावे. साखर उतरली तर गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांचा. तो आपल्या हाती घेऊ नये. नाव-पत्ता नसलेली, घटक न छापलेली चूर्णे घेऊ नयेत. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला होता. हा डाग आयुर्वेदाचा नव्हे, तो निष्काळजी उत्पादकांचा आहे. पण पोटात जाते ते मात्र आपल्या.

घरातील वडीलधाऱ्यांसाठी वेगळे जेवण रांधण्याचा भारही एकट्या गृहिणीवर पडू नये. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक हे रुग्णाचे जेवण नव्हे, ते साऱ्या घराचे जेवण आहे. उंबरठ्यावर उभे असलेल्या तेरा कोटींत आपल्याच घरातील तिशी-चाळिशीची पिढी असू शकते. जेवणानंतर अर्धा तास सर्वांनी मिळून चालावे. सुश्रुताची शंभर योजने राहू द्या, पण दारातून बाहेर तर पडू या. आणि परत आल्यावर उद्याच्या उसळीसाठी मूठभर मटकी आणि चमचाभर मेथी भिजत घालावी. रात्रीची गोळी असेल तर तीही वेळेवर घ्यावी.